रकान्यातली यादी आणि प्रश्न विचारण्याची भाषा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



संगणकाविषयी काही बोलावे, असे मला सांगण्यात आले. या विषयावरची भाषणे बहुधा ‘संगणकाचे युग आले आहे’ या वाक्याने सुरू होतात आणि त्याच वाक्याशी संपतात. युग आले आहे हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. ते प्रत्येकाच्या खिशात वाजत असते. म्हणून आज मी एक अगदी लहान गोष्ट निवडली आहे. माहितीच्या तक्त्यात एखाद्या रकान्यात एकाच गोष्टीऐवजी यादी भरलेली असेल, तर त्या यादीविषयी यंत्राला प्रश्न कसा विचारावा आणि तो विचारण्यासाठी जे शब्द घडवले जातात ते कसे असावेत, एवढाच आजचा विषय. ऐकायला कोरडा आहे खरा. पण या सभागृहातली काही मुले-मुली उद्या बँकेत, रुग्णालयात, सरकारी खात्यात किंवा परदेशातल्या एखाद्या कंपनीत याच कामाला बसतील, आणि आपल्यापैकी प्रत्येकाचे नाव अशा कुठल्या ना कुठल्या तक्त्यात आजच आहे. त्या तक्त्यातून नाव वगळले गेले, तर ते का वगळले गेले हे समजण्यासाठी हा विषय उपयोगी पडतो.

प्रथम तक्ता म्हणजे काय ते पाहू. शाळेचे जनरल रजिस्टर सर्वांनी पाहिले आहे. एका विद्यार्थ्याची एक ओळ. नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, आईचे नाव असे रकाने. १९७० साली एडगर कॉड या शास्त्रज्ञाने, तो अमेरिकेत सॅन होजे येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत असताना, एक निबंध प्रसिद्ध केला. मोठमोठे माहितीसाठे अशाच तक्त्यांच्या रूपात ठेवावेत आणि त्यांचे परस्परसंबंध गणिताच्या शिस्तीने मांडावेत, असे त्याने त्यात सुचवले. त्या शिस्तीचा पहिला नियम असा की, एका चौकटीत एकच मूल्य असावे. प्रवेश अर्जावर ‘मोबाईल क्रमांक’ असा एकच रकाना असला की आपण काय करतो? मध्ये तिरपी रेघ मारून दोन क्रमांक लिहितो. कॉडला हे चालणारे नव्हते. क्रमांकांचा वेगळा तक्ता करा, त्यात प्रत्येक क्रमांकाला स्वतंत्र ओळ द्या आणि प्रत्येक ओळीत तो कोणत्या विद्यार्थ्याचा आहे ते लिहा, असे त्याचे सांगणे.

या तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली मांडली. तिचे नाव प्रथम ‘सीक्वेल’ होते, पुढे ते ‘एसक्यूएल’ झाले. या दोघांचा हेतू लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्रोग्रामिंगचे शिक्षण न घेतलेल्या माणसालाही वाचून अर्थ लागावा, अशी भाषा त्यांना हवी होती. ‘अमुक रकाने निवडा, तमुक तक्त्यातून, जिथे अशी अट असेल’, असे साधे इंग्रजी वाक्य लिहायचे आणि उत्तर मिळवायचे. तेव्हा ‘अंदाजाने लिहिले तरी बरोबर यावे’ ही अपेक्षा या भाषेच्या जन्मापासूनची आहे. मी जे दोष पुढे सांगणार आहे ते याच कसोटीवरचे आहेत.

आता चौकटीत एकच मूल्य हा नियम चांगला असला, तरी माणसांची गरज त्याला पुरून उरली. एखाद्या पुस्तकाचे तीन लेखक, एखाद्या रुग्णाची दिवसभरातली तापमाने, एखाद्या विद्यार्थ्याने निवडलेले विषय; प्रत्येकासाठी वेगळा तक्ता करणे लोकांना जड वाटू लागले. बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या पुढाकाराने १९८६ च्या सुमारास ‘पोस्टग्रेस’चे काम सुरू झाले. त्यातूनच आजची ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ ही प्रणाली निघाली आणि तिच्यात रकान्यात यादी ठेवण्याची सोय फार पूर्वीपासून आहे. एसक्यूएलच्या प्रमाण नियमावलीत १९९९ साली ‘अ‍ॅरे’ या नावाने यादीला रीतसर प्रवेश मिळाला. आज हाइव्ह, स्पार्क, बिगक्वेरी, क्लिकहाउस, ट्रिनो, डकडीबी अशा अनेक प्रणाली आहेत आणि प्रत्येकीत यादी आहे. यादी आली म्हणजे तिच्यावर काम करणारी फंक्शने आली: लांबी सांगणारे, भर घालणारे, शोधणारे, क्रम लावणारे, यादी फोडून ओळी करणारे. वाद सुरू होतात ते इथूनच.

पहिला वाद अगदी प्राथमिक शाळेतला आहे. मोजायला सुरुवात कुठून करायची, १ पासून की ० पासून?

हसू नका. या प्रश्नावर मोठमोठ्या माणसांनी लेखणी झिजवली आहे. १९५७ च्या फोरट्रान भाषेत यादीतला पहिला घटक क्रमांक १ होता. १९७० नंतर आलेल्या सी भाषेत तो क्रमांक ० झाला. १९८२ साली डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने मोजणी शून्यापासूनच का सुरू व्हावी यावर एक छोटे टिपण लिहिले, आणि प्रोग्रामर मंडळी ते आजही एकमेकांना दाखवतात. मला या वादात आपल्या इमारतींचे उदाहरण नेहमी आठवते. आपल्याकडे तळमजला आणि मग त्यावरचा पहिला मजला. अमेरिकेत जमिनीलगतच्या मजल्यालाच पहिला मजला म्हणतात. दोघेही बरोबर आहेत. आपण ‘किती जिने चढलो’ हे सांगतो आणि ते ‘कितवा मजला’ हे सांगतात. शून्यापासूनची मोजणी म्हणजे अंतर आणि एकपासूनची मोजणी म्हणजे क्रम.

माझ्या मते एसक्यूएलमध्ये एकपासूनच मोजावे, कारण ती भाषा प्रोग्रामिंग न शिकलेल्यांसाठी जन्मली आणि तिच्यात शब्दातील अक्षरेही एकपासूनच मोजतात. प्रमाण नियमावलीही हेच सांगते. पण कुठून मोजावे यापेक्षा मला अधिक खुपते ती एकाच घरातली दोन मापे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये अ‍ॅरेचा पहिला घटक १ क्रमांकाचा, पण त्याच प्रणालीत जेसॉन या प्रकारात ठेवलेल्या यादीचा पहिला घटक ० क्रमांकाचा. स्पार्कमध्ये चौकटी कंसात क्रमांक लिहिला तर मोजणी शून्यापासून, आणि ‘एलिमेंट अ‍ॅट’ हे फंक्शन वापरले तर एकपासून. दुकानात कापड एका गजाने मोजून घ्यावे आणि दुसऱ्या गजाने मोजून द्यावे, तसा हा प्रकार झाला. बिगक्वेरीने यावर एक शहाणपणाची सोय ठेवली आहे. कंसात क्रमांकाबरोबर शब्दही लिहायचा: अंतर मोजत असाल तर ‘ऑफसेट’, क्रम मोजत असाल तर ‘ऑर्डिनल’. लिहायला चार अक्षरे जास्त, पण वाचणाऱ्याला शंका राहत नाही.

जाता जाता एक गंमत सांगतो. डाइक्स्ट्रा तरुणपणी ॲमस्टरडॅमच्या ज्या गणितसंस्थेत काम करीत होता, त्याच संस्थेतून पुढे पायथॉन ही भाषा निघाली आणि अलीकडे डकडीबी ही प्रणालीही निघाली. पायथॉन शून्यापासून मोजते आणि डकडीबीची यादी एकपासून. एका छताखालीसुद्धा एकमत नाही!

दुसरा प्रश्न असा. यादीत तीनच घटक आहेत आणि कोणी पाचवा मागितला, तर यंत्राने काय उत्तर द्यावे? इथे तीन पंथ आहेत. पोस्टग्रेएसक्यूएल आणि डकडीबी ‘नल’ देतात, म्हणजे ‘मूल्य नाही’. ट्रिनोमध्ये कंसाने मागितले तर ती काम थांबवून चूक दाखवते, आणि ‘एलिमेंट अ‍ॅट’ने मागितले तर नल देते. म्हणजे कडक आणि सौम्य असे दोन्ही दरवाजे तिने ठेवले आहेत आणि कोणत्या दारातून जायचे ते तुम्ही ठरवायचे. तिसरा पंथ क्लिकहाउसचा. ती अशा वेळी त्या प्रकाराचे ठरीव मूल्य देते. आकड्यांची यादी असेल तर शून्य, शब्दांची असेल तर रिकामा शब्द. क्लिकहाउस अतिशय वेगवान आहे आणि त्या वेगासाठी तिने काही तडजोडी केल्या आहेत, हे मला मान्य आहे. पण गुणपत्रिकेचा विचार करा. पाचव्या चाचणीला न बसलेल्या मुलाच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिणे आणि ‘०’ लिहिणे यात फरक आहे की नाही? शून्य हा आकडा आहे, तो बेरजेत जातो, सरासरी खाली खेचतो. गैरहजेरी बेरजेत जात नाही. जे फंक्शन या दोहोंत भेद करीत नाही ते वापरणाऱ्याने प्रत्येक वेळी स्वतःच भेद करायचा असतो, आणि माणूस प्रत्येक वेळी ते लक्षात ठेवत नाही.

नल हा शब्द आला, तेव्हा त्याच्याविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण आजच्या भाषणातला खरा गाभा इथे आहे.

प्रवेश अर्जासोबत जोडलेल्या कागदपत्रांची यादी एका रकान्यात ठेवली आहे अशी कल्पना करा. एका मुलाच्या रकान्यात तीन कागद: दाखला, गुणपत्रिका, उत्पन्नाचे प्रमाणपत्र. दुसऱ्याच्या रकान्यात रिकामी यादी, म्हणजे आपण तपासले आणि त्याने काहीच जोडलेले नाही. तिसऱ्याच्या रकान्यात नल, म्हणजे त्याचा अर्ज अजून कोणी उघडून पाहिलाच नाही. रिकामी पिशवी आणि न उघडलेली पिशवी यांत जेवढा फरक आहे तेवढाच यांत आहे. भाषा चांगली असेल तर तिने हा फरक जपला पाहिजे, आणि एसक्यूएल तो जपू शकते. घोटाळा होतो तो फंक्शनांमुळे.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये यादीची लांबी विचारायचे जुने फंक्शन आहे ‘अ‍ॅरे लेंग्थ’. रिकाम्या यादीची लांबी किती, असे चौथीतल्या मुलाला विचारले तर तो ‘शून्य’ म्हणेल. हे फंक्शन ‘नल’ म्हणते. असे का? कारण त्या प्रणालीत यादीला एकाहून अधिक मिती असू शकतात, फळ्यावरच्या कोष्टकासारख्या. म्हणून हे फंक्शन ‘कितव्या मितीची लांबी’ असेही विचारते. रिकाम्या यादीला मात्र एकही मिती नाही असे ती प्रणाली मानते. जी मिती अस्तित्वातच नाही तिची लांबी सांगणार कशी? म्हणून नल. बनवणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर युक्तिवाद बिनतोड आहे. वापरणाऱ्याच्या बाजूने मात्र तो निरुपयोगी आहे.

आता याचा परिणाम पाहा. संस्थेचा लिपिक यंत्राला विचारतो, ‘ज्यांची कागदपत्रे तीनपेक्षा कमी आहेत अशा विद्यार्थ्यांची नावे दे, त्यांना आठवणीचे पत्र पाठवायचे आहे.’ दोन कागदवाल्याचे नाव येते, एक कागदवाल्याचेही येते. ज्याने एकही कागद जोडलेला नाही त्याचे नाव येत नाही! कारण त्याच्या यादीची लांबी नल. नल तीनपेक्षा कमी आहे का, याचे उत्तर एसक्यूएलच्या तर्कशास्त्रात ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही, ते ‘माहीत नाही’ असे आहे. आणि ज्या ओळीचे उत्तर ‘माहीत नाही’ येते ती ओळ यादीतून गळते. यंत्र चूक दाखवत नाही, लाल अक्षर उमटत नाही. सुबक छापलेली यादी हातात येते आणि ज्याला त्या पत्राची सर्वांत जास्त गरज होती तोच तिच्यात नसतो. शिष्यवृत्तीची मुदत निघून जाते आणि पालकांना वाटते, पोराने पत्र लपवले.

हे उदाहरण मी समजावण्यासाठी रचले आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी आजही त्या प्रणालीत करून पाहता येईल. २०१४ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ९.४ या आवृत्तीत ‘कार्डिनॅलिटी’ हे फंक्शन आले आणि ते रिकाम्या यादीला शून्य म्हणते. मग जुने फंक्शन दुरुस्त का केले नाही? कारण जगभर लिहिलेले असंख्य प्रोग्राम त्या जुन्या उत्तरावर उभे आहेत. कोणी त्या नलचाच उपयोग करून रिकाम्या याद्या ओळखीत असेल. फंक्शन सुधारले तर त्याचे काम बिघडेल. गावातला रस्ता वाकडा असला तरी त्याच्या दोन्ही कडांना घरे झाली की तो सरळ करता येत नाही, बाजूने नवा काढावा लागतो. तोटा असा की नवख्या माणसाला ‘लेंग्थ’ हा शब्द आधी सापडतो आणि ‘कार्डिनॅलिटी’ हा भारदस्त शब्द सापडतच नाही. चूक असलेल्याचे नाव सोपे आणि बरोबर असलेल्याचे अवघड! दुसरीकडे स्पार्कने आणखी निराळे केले. यादीच नल असेल तर तिचे ‘साइझ’ हे फंक्शन बरीच वर्षे मुळच्या मांडणीत उणे १ असे उत्तर देत असे. कोणत्याही पिशवीत उणे एक वस्तू असते असे मी अजून ऐकलेले नाही.

यालाच जोडून आणखी एक. अनेक ओळींतील मूल्ये गोळा करून यादी बनवणारे ‘अ‍ॅरे अ‍ॅग’ हे फंक्शन आहे. गोळा करायला एकही ओळ मिळाली नाही तर ते पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये रिकामी यादी देत नाही, नल देते. मोजदाद करणारे ‘काउंट’ अशा वेळी शून्य देते, बेरीज करणारे ‘सम’ मात्र नल देते. म्हणजे एकाच कुटुंबातल्या भावंडांच्या दोन रीती. प्रत्येक रीतीमागे काही कारण आहे. वापरणाऱ्याच्या माथी मात्र पाठांतर येते.

आता यादी फोडण्याविषयी. एका ओळीतली यादी फोडून तिच्या प्रत्येक घटकाची स्वतंत्र ओळ करायची, या कामाला प्रमाण भाषेत ‘अनेस्ट’ म्हणतात, म्हणजे घरट्यातून बाहेर काढणे. हाइव्ह आणि स्पार्कमध्ये यालाच ‘एक्सप्लोड’ म्हणतात. म्हणजे स्फोट. नाव जरा भडक आहे. पण हे फंक्शन फार उपयोगाचे आहे, कारण एकदा ओळी झाल्या की तक्त्यांची सगळी जुनी हत्यारे हाताशी येतात.

यातही तोच खड्डा आहे. तीन घटकांच्या यादीच्या तीन ओळी होतात, एका घटकाची एक होते, आणि रिकाम्या यादीच्या शून्य ओळी होतात. म्हणजे तो विद्यार्थी नाहीसा होतो. गणिताने हे शंभर टक्के बरोबर आहे. पण ४० विद्यार्थ्यांचा वर्ग घ्या. ३४ जणांनी मिळून १०२ कागद जोडले आणि ६ जणांनी काहीच जोडले नाही. यादी फोडून ‘दर विद्यार्थ्यामागे सरासरी किती कागद’ असे विचारले, तर फोडलेल्या तक्त्यात ३४च विद्यार्थी उरलेले असतात, आणि १०२ भागिले ३४ म्हणजे बरोबर ३ असे उत्तर येते. मुख्याध्यापक खूश. खरी सरासरी १०२ भागिले ४०, म्हणजे २.५५ आहे. ते सहा जण दाराबाहेर उभे आहेत आणि हिशेबात त्यांची सावलीसुद्धा नाही.

यावर उपाय सर्व प्रणालींत आहे. स्पार्कमध्ये ‘एक्सप्लोड आउटर’ असे वेगळे फंक्शन आहे, ते रिकाम्या यादीसाठीही एक ओळ ठेवते आणि घटकाच्या जागी नल लिहिते. पोस्टग्रेएसक्यूएल व बिगक्वेरीत ‘लेफ्ट जॉइन’ करून तेच साधता येते. म्हणजे साध्या मार्गाने गेले तर माणसे गळतात आणि कोणी गळू नये असे वाटत असेल तर जादा शब्द लिहावे लागतात. मला विचाराल तर हे उलट असायला हवे होते. ज्याला माणसे गाळायची आहेत त्याने तसे लिहून सांगावे. हे मत सर्वांना पटत नाही, याची मला कल्पना आहे. तक्त्यांच्या गुणाकाराचे गणित ज्यांना प्रिय आहे ते म्हणतात की नियमाला अपवाद केला तर पुढचे सगळे नियम डळमळतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण मग शिकवणाऱ्यांनी पहिल्याच धड्यात दोन्ही मार्ग शेजारी शेजारी शिकवावेत. बहुतेक पुस्तकांत दुसरा मार्ग पन्नास पाने पुढे असतो.

फोडताना क्रमही हरवू शकतो. तक्त्यातल्या ओळींना स्वतःचा क्रम नसतो, यादीला असतो. पहिली पसंती कोणती आणि तिसरी कोणती हे फोडल्यावरही हवे असेल, तर पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘विथ ऑर्डिनॅलिटी’ असे म्हणून क्रमांकाचा रकाना सोबत मागून घ्यावा लागतो. अकरावी प्रवेशाचा पसंतीक्रम भरलेल्या पालकांना याचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही.

शब्दांच्या निवडीविषयी थोडे. यादीत अमुक गोष्ट आहे का, हे विचारायला ‘बरोबर एनी’ असे लिहितात. गणित हा विषय यादीतल्या कोणत्याही एकाशी जुळतो का? वाक्य सरळ आहे. आता ‘नाही’ विचारायचे असेल तेव्हा नवखा माणूस ‘बरोबर’च्या जागी ‘बरोबर नाही’चे चिन्ह ठेवतो आणि ‘एनी’ तसेच ठेवतो. त्याला वाटते, ‘गणित कोणाशीही जुळत नाही’ असे आपण विचारले. यंत्र वाचते, ‘गणिताहून वेगळा असा एखादा विषय यादीत आहे का?’ ज्या मुलीने मराठी आणि गणित घेतले आहे तिच्या यादीत मराठी वेगळा आहेच. म्हणून गणित घेतलेली मुलगी ‘गणित न घेतलेल्यां’मध्ये येऊन बसते. इथे ‘ऑल’ लिहायला हवे: गणित यादीतल्या सर्वांहून वेगळे आहे का? आपल्या मराठीत ‘कोणीही’ आणि ‘कोणीतरी’ यांत जो फरक आहे तोच हा. आणि ‘ऑल’ लिहूनही, यादीच्या पोटात एखादा नल असला तर उत्तर पुन्हा ‘माहीत नाही’ येते आणि ओळ गळते.

फंक्शनाला वस्तू कोणत्या क्रमाने द्यायच्या, हाही एक कटकटीचा भाग आहे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये यादीच्या शेवटी भर घालताना आधी यादी लिहायची आणि मग घटक. सुरुवातीला भर घालताना आधी घटक, मग यादी. कागदावर जसे दिसेल तसेच लिहायचे, ही कल्पना मला आवडते. पण कोणी म्हणेल की यादी नेहमी पहिलीच असावी, आणि त्याचेही बरोबर आहे. प्रत्येक घटकावर एखादी क्रिया करायची असेल तर स्पार्क आणि डकडीबी यादी आधी घेतात, क्लिकहाउस क्रिया आधी घेते. एकावरून दुसरीवर जाणाऱ्याचे पहिले आठ दिवस यातच जातात. फार बिघडत नाही, कारण इथे चुकले तर यंत्र लगेच ओरडते. जी चूक ओरडते ती स्वस्त असते.

किती फंक्शने असावीत यावरही दोन मते आहेत. क्लिकहाउसमध्ये यादीसाठी ढीगभर फंक्शने आहेत. पोस्टग्रेएसक्यूएल मात्र कंजूष. यादीला क्रम लावणारे सर्वसाधारण फंक्शन तिच्यात २०२५ च्या १८व्या आवृत्तीत आले. तोवर यादी फोडा, ओळींना क्रम लावा, पुन्हा यादी गोळा करा असा तीन पायऱ्यांचा द्राविडी प्राणायाम करावा लागे. कंजुषीमागचा विचार वाईट नव्हता: थोडी हत्यारे, पण एकमेकांशी जुळणारी. पण क्रम लावणे ही रोजची गरज आहे आणि रोजच्या गरजेला एक शब्द असावा. वर्षातून एकदा लागणाऱ्या गोष्टीसाठी तीन पायऱ्या चढायला हरकत नाही.

आता विद्यार्थ्यांसाठी थोडे कामाचे. पोस्टग्रेएसक्यूएल आणि डकडीबी या दोन्ही फुकट मिळतात आणि त्यांचे अंतरंगही कोणालाही वाचायला खुले आहे. डकडीबी तर साध्या लॅपटॉपवरही चालते. शाळेच्या संगणक कक्षात शिक्षकांच्या परवानगीने ती बसवता येईल. आपल्या वर्गातल्या दहा जणांचा काल्पनिक तक्ता करा, एका रकान्यात छंदांची यादी ठेवा. एकाची यादी मुद्दाम रिकामी ठेवा, एकाच्या जागी नल घाला आणि एकाच्या यादीच्या आत एक नल घाला. मग कोणतेही नवे फंक्शन घेतले की या चौघांची, म्हणजे एका साध्या यादीची आणि या तीन विचित्र याद्यांची, उत्तरे काय येतील ते आधी वहीत लिहा आणि नंतर यंत्राला विचारा. जिथे तुमचे आणि यंत्राचे जुळले नाही तिथे खूण करा आणि माहितीपुस्तिकेत त्याचे कारण शोधा. पालकांना घरी बसवून त्यांनाही आधी अंदाज करायला सांगा. प्रोग्रामिंग न शिकलेल्या माणसाचा अंदाज काय येतो हे फंक्शन बनवणाऱ्याला हवेच असते, आणि या प्रणालींच्या चर्चा उघड्यावर चालतात. तिथे कोणालाही आपली सूचना लिहिता येते. दहावीतल्या मुलीलाही.